फादर काय शिकतात, ते आधी वाचू, मग भांडू

धर्मांतरबंदी कायद्याचा विषय निघाला की पुण्यात नगर रस्त्यावरच्या सेमिनरीचं, म्हणजे कॅथलिक धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयाचं, नाव कुणीतरी काढतंच. एक बाजू म्हणते, पोरं बारावी होऊन त्या फाटकातून आत जातात आणि आठ-दहा वर्षांनी फादर होऊन बाहेर पडतात. एवढी वर्षं आत काय पढवतात कुणास ठाऊक, दुसऱ्याचा धर्म बदलायचं ट्रेनिंगच असणार. दुसरी बाजू लगेच उसळते: अहो, ही माणसं शाळा काढतात, दवाखाने चालवतात, संसार सोडून दुसऱ्यांसाठी राबतात, त्यांच्यावर शंका घेताच कशी? मग दोन दिवस मेसेज फिरतात, सोसायटीच्या ग्रुपवर चार माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात आणि विषय जिथल्या तिथे राहतो. या भांडणात दोन्ही बाजूंकडे एक गोष्ट सारखीच नसते. अभ्यासक्रम कुणीच वाचलेला नसतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ज्याच्यासमोर गुडघे टेकून माणसं आपली पापं सांगतात, ज्याचं प्रवचन दर रविवारी ऐकतात, त्या माणसाने काय शिकलेलं असावं हा सार्वजनिक प्रश्न आहे आणि तो विचारायचा हक्क ख्रिस्ती नसलेल्यांनाही आहे. पण तो विचारायचा तर अभ्यासक्रम समोर ठेवून. तसा ठेवला तर दिसतं की कॅथलिक प्रशिक्षणाचा कणा, म्हणजे धर्मशास्त्राच्या आधी तत्त्वज्ञान आणि सिद्धान्ताच्या आधी आक्षेप, हा जपण्यासारखा आहे. इतर धर्मांच्या उपदेशकांकडूनही आपण तो मागावा इतका मोलाचा आहे. या शिक्षणात दोष आहेत, गंभीर दोष आहेत. पण बोट ज्यांच्याकडे दाखवलं जातं ते हे दोष नव्हेत.

न वाचता भांडायची ही सवय या शहराला जुनी आहे. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाला रानडे, टिळक यांच्यासह गावातली नामवंत मंडळी गेली. मिशनऱ्यांनी चहा पुढे केला. कुणी प्यायले, कुणी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि मग ग्रामण्य म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, शंकराचार्यांचं कमिशन, प्रायश्चित्त असं प्रकरण चालत राहिलं. चहाची गोष्ट पुण्याच्या इतिहासाची आवड असणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. पण त्या दिवशी व्याख्यान कशावर झालं, हे किती जणांना सांगता येईल? शिवाय पंचहौद मिशन अँग्लिकनांचं, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचं; रोमशी, म्हणजे पोपच्या कॅथलिक चर्चशी, त्याचा संबंध नाही. आजही आपण फादर, पास्टर, पाद्री, मिशनरी यांना एकाच माळेत ओवतो. बिबवेवाडीतली युनियन बिब्लिकल सेमिनरी प्रॉटेस्टंट, नगर रस्त्यावरची पेपल सेमिनरी कॅथलिक. दोन्हींचे गुरू वेगळे, नियम वेगळे, शिकवायची रीत वेगळी. यातल्या कुणावर आरोप करतो आहोत हेच माहीत नसेल, तर उत्तर कुणी द्यायचं?

मी इथे कॅथलिकांबद्दलच बोलतो आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये श्रीलंकेत कँडी इथे भारतासाठी सेमिनरी काढली. भारतातले धर्मगुरू भारतीयच असावेत, युरोपातून आयात करायची पाळी येऊ नये, हा तिचा हेतू. १९५५ मध्ये ती पुण्यात आली आणि तिच्यासोबत, रोमने १९२६ मध्ये पदव्या द्यायचा अधिकार दिलेलं विद्यापीठही आलं. तेच आजचं ज्ञानदीप. देशभरातले बिशप आपले विद्यार्थी इथे पाठवतात, शेजारी जेझुइटांचं, म्हणजे कॅथलिकांमधल्या एका धर्मसंघाचं, डी नोबिली कॉलेज आहे, आणि वर्गात धर्मभगिनी आणि प्रापंचिक माणसंही बसतात. म्हणजे फाटकाआड फक्त होऊ घातलेले फादर आहेत हीसुद्धा समजूतच.

आता अभ्यासक्रम. तो गुप्त नाही. ख्रिस्तसभेच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या, १९८३ च्या कायदेसंहितेत, म्हणजे कॅनन लॉमध्ये, कलम २५० मध्ये स्वच्छ लिहिलं आहे की तत्त्वज्ञानाची दोन पूर्ण वर्षं आणि ईशज्ञानाची, म्हणजे धर्मशास्त्राची, चार पूर्ण वर्षं, मिळून किमान सहा. त्याआधी तयारीचं एक वर्ष तरी हवं असं रोमच्या २०१६ च्या मार्गदर्शक नियमावलीने सांगितलं. भारतात मध्ये एक-दोन वर्षं एखाद्या धर्मग्रामात (एका चर्चच्या परिसरात), शाळेत किंवा आदिवासी पाड्यावर काम करायला पाठवतात. पंचविशीच्या आत खास परवानगीशिवाय कुणाला फादर होता येत नाही. विषय म्हणाल तर बायबल, हिब्रू आणि ग्रीकची तोंडओळख, सिद्धान्त, नीतिशास्त्र, उपासना, ख्रिस्तसभेचा इतिहास, कॅनन लॉ, मानसशास्त्र, समाजशास्त्र, इतर धर्म. आणि शिकवणाऱ्याकडेही त्या त्या विषयातली मान्यताप्राप्त उच्च पदवी लागते. केवळ भक्तिभाव चालत नाही.

पण यादी वाचून या शिक्षणाचा स्वभाव कळत नाही. तो कळतो तत्त्वज्ञानाच्या वर्षांत. ज्याला पुढे आयुष्यभर बायबल सांगायचं आहे त्याला आधी दोन-तीन वर्षं तर्कशास्त्र, ज्ञानमीमांसा, सत्तामीमांसा शिकावी लागते, आणि तिथे ‘असं बायबलमध्ये लिहिलंय’ हे उत्तर चालत नाही. ह्यूम वाचावा लागतो, कांट वाचावा लागतो, धर्माला अफू म्हणणारा मार्क्स आणि देव मेला म्हणणारा नीत्शे वाचावा लागतो. ज्याला या परंपरेचा आचार्य मानतात त्या थॉमस अ‍ॅक्विनसचीच रीत बघा. तेराव्या शतकात त्याने ‘देव आहे काय?’ हा प्रश्न घेतला आणि उत्तराआधी दोन आक्षेप मांडले. पहिला: देव जर अमर्याद चांगला असेल तर जगात वाईट असायलाच नको होतं, पण ते आहे. दुसरा: जगात जे घडतं ते सगळं निसर्गाने आणि माणसाच्या इच्छेने समजावता येतं, मग देव हवा कशाला? आजचा कुठलाही निरीश्वरवादी यापेक्षा मूलगामी काय बोलतो? आपल्याकडे भाष्यकार आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, मांडतात आणि तो जितका बळकट, तितका सिद्धान्ताला मान. शांकरभाष्य वाचलेल्या माणसाला ही पद्धत घरचीच वाटेल. वीस-बावीस वर्षांच्या मुलाला, ज्याने देवासाठी घर सोडलं आहे, त्याला देव नसल्याचे युक्तिवाद नीट मांडायला लावणं आणि त्यावर परीक्षा घेणं, ही साधी गोष्ट नाही. मेंदू धुवायचे असते तर हा उद्योग कुणी केला नसता.

आणि हे तत्त्वज्ञान नुसतं युरोपचं नाही. रिचर्ड द स्मेत हे बेल्जियन जेझुइट. १९५० मध्ये कलकत्त्याच्या तत्त्वज्ञान परिषदेत राधाकृष्णन यांनी शंकराचार्यांना निव्वळ बुद्धिवादी तत्त्वज्ञ म्हणून मांडलं, तेव्हा हा पाद्री श्रोत्यांतून उभा राहिला आणि म्हणाला की शंकराचार्य श्रुतिवादी आहेत, श्रुतीचा, म्हणजे वेदांचा, अर्थ लावणारे ईशज्ञानी आहेत. तेवढ्यावर न थांबता त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला आणि मग पुण्याला येऊन अनेक वर्षं नगर रस्त्यावरच्या वर्गांत वेदान्त शिकवला. शांकरमताला ‘जग म्हणजे भास’ एवढ्यावर गुंडाळू नका, हे त्यांचं सांगणं होतं. त्यांचं म्हणणं सगळ्यांना पटावं असं नाही. एखादा शास्त्री त्यातल्या अर्ध्या गोष्टी खोडून काढील, आणि खोडाव्यातही. पण ज्या शहरात एक ख्रिस्ती धर्मगुरू होऊ घातलेल्या मुलांना ब्रह्मसूत्रं शिकवत होता, त्या शहराने ‘तिथे आपल्या धर्माचा द्वेष शिकवतात’ असं म्हणण्याआधी जाऊन बघायला नको का?

बायबलच्या अभ्यासाचंही तसंच. उत्पत्तीच्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय विद्यार्थ्यासमोर ठेवतात. पहिल्यात आधी झाडं, मग प्राणी, शेवटी स्त्री-पुरुष. दुसऱ्यात आधी माणूस, मग झाडं, मग प्राणी आणि सगळ्यांच्या मागून स्त्री. देवाचं नावसुद्धा बदलतं. दोन वेगळ्या परंपरांतल्या दोन कथा एकापुढे एक ठेवल्या आहेत हे त्याला पटवून घ्यावं लागतं. कुठल्या काळात, कुठल्या समाजात, कुठल्या हेतूने हे लिहिलं गेलं ते शोधावं लागतं. १९४३ मध्ये पोप बारावे पायस यांनी या पद्धतीला दार उघडलं. १९९३ मध्ये रोमच्या बायबल आयोगाने तर बायबलचा अक्षरशः अर्थ लावण्याच्या मूलतत्त्ववादी वाचनाला बौद्धिक आत्महत्येचं आमंत्रण म्हटलं. पुणेकरांना ही पद्धत परकी वाटायचं कारण नाही. भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत हजारावर हस्तलिखितं जुळवून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, ती याच शिस्तीतून. आणि त्याच भांडारकरवर ५ जानेवारी २००४ ला एका पुस्तकाच्या वादातून हल्ला झाला, तेव्हा ते पुस्तक किती जणांनी वाचलं होतं?

एवढं सगळं हवंच कशाला, साधा भाविक माणूस फादर का होऊ नये, असंही कुणी विचारतं. उत्तर इतिहासात आहे. सोळाव्या शतकापर्यंत युरोपात बहुतेक पाद्री उमेदवारी करूनच तयार होत. गावच्या पाद्र्याच्या हाताखाली चार मंत्र शिकले की झालं. १५५१ मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरच्या बिशपने आपल्या ३११ पाद्र्यांची परीक्षा घेतली, तर १६८ जणांना दहा आज्ञा म्हणून दाखवता आल्या नाहीत. हा बिशप सुधारणावादी, रोमविरोधी होता. पण त्याच्या हाताखालचे बरेचसे पाद्री जुन्याच व्यवस्थेत घडलेले होते. अशा अज्ञानावर ल्यूथरने आणि इतरांनी कोरडे ओढले आणि रोमला ते झोंबले. १५ जुलै १५६३ ला ट्रेंटच्या परिषदेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या महासभेने, ठराव केला की प्रत्येक धर्मप्रांतात (एका बिशपच्या अखत्यारीत) सेमिनरी हवीच. म्हणजे आजच्या या लांबलचक अभ्यासाचं मूळ बाहेरच्यांनी केलेल्या टीकेत आहे. टीका होते म्हणून रुसून बसणाऱ्या ख्रिस्ती मित्रांनी हे विसरू नये.

पुण्यानेही असा प्रश्न स्वतःला विचारलेला आहे. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. इंग्रजी राजवट आल्यावर त्याच पैशातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे १८४९ च्या सुमारास लोकहितवादी आणि त्यांच्या मित्रांनी अर्ज केला की दक्षिणेतली काही रक्कम मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावी. केवढा गहजब झाला! पण वाद मुद्द्यावर होता: धर्माच्या नावाने मान मिळवणाऱ्याने काय शिकावं, कोणत्या भाषेत शिकावं, त्याच्या विद्येचा समाजाला उपयोग काय. पावणेदोनशे वर्षांपूर्वी या गावाला जे जमलं होतं तेच मी आज मागतो आहे.

आता विरोधी बाजूचे खरे मुद्दे. पहिला असा की वाचा हवं तेवढं, उत्तर आधीच ठरलेलं असतं. नीत्शे वाचून एखाद्याला नीत्शेच पटला तर त्याला सेमिनरी सोडावी लागते. हे खरं आहे. इतिहास तर याहून वाईट आहे. १९१० पासून १९६७ पर्यंत कॅथलिक धर्मगुरूंना आणि सेमिनरीतल्या प्राध्यापकांना आधुनिक विचारांविरुद्ध शपथ घ्यावी लागे. निषिद्ध पुस्तकांची यादी १९६६ मध्ये रद्द झाली. अगदी जवळचं उदाहरण म्हणजे अँथनी डिमेलो. पुण्यात सुरू होऊन लोणावळ्याला गेलेल्या साधना संस्थेचे हे जेझुइट, जगभर वाचले गेलेले. १९८७ मध्ये वारले, आणि ११ वर्षांनी, १९९८ मध्ये, रोमने त्यांच्या लेखनातल्या काही मतांवर ती श्रद्धेशी विसंगत असल्याचा शेरा मारला. मेलेला माणूस उत्तर द्यायला येऊ शकत नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. पण यातून ‘अभ्यास खोटा’ असा निष्कर्ष निघतो का? जो माणूस एखाद्या श्रद्धेच्या वतीने बोलणार आहे त्याची ती श्रद्धा असावी ही अपेक्षा अन्यायाची नाही. वकिली शिकणारा विद्यार्थी राज्यघटना मानतो म्हणून त्याचं कायद्याचं ज्ञान बनावट ठरत नाही. फरक पडतो तो आक्षेप ऐकून नाकारण्यात आणि आक्षेप ऐकूच न देण्यात. पहिल्या माणसाशी वाद घालता येतो, दुसऱ्याशी नाही. आणि ज्याला पटत नाही त्याला दार उघडं असतं: वर्षानुवर्षं शिकून अनेक मुलं सोडून जातात, आणि दीर्घ प्रशिक्षणाचा एक हेतू तोच आहे.

दुसरा मुद्दा धर्मप्रसाराचा. इथे ख्रिस्ती मंडळी बऱ्याचदा बगल देतात, ते मला पटत नाही. धर्मप्रसाराचं शास्त्र हा सेमिनरीतला एक विषय आहे, यात लपवण्यासारखं काही नाही. आपली वार्ता सगळ्या जगासाठी आहे असं ख्रिस्ती श्रद्धा मानते. पण त्या विषयात शिकवतात काय? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या महासभेने, ७ डिसेंबर १९६५ ला धर्मप्रसारावरचा जो आदेश काढला त्याच्या तेराव्या परिच्छेदात जबरदस्तीने, आमिष दाखवून किंवा लबाडीने कुणालाही धर्मात आणायला सक्त मनाई केली आहे. त्याआधी २८ ऑक्टोबरला एकाच दिवशी दोन दस्तऐवज निघाले: एक धर्मगुरूंच्या प्रशिक्षणावर, दुसरा इतर धर्मांविषयीच्या आदरावर. प्रशिक्षणाच्या आदेशातच विद्यार्थ्यांना इतर धर्मांची ओळख करून द्या असं लिहिलं आहे. या परिषदेत सल्लागार म्हणून बसलेले ऑस्ट्रियन जेझुइट योसेफ नॉयनर यांनी आयुष्याचा बराच काळ पुण्यातच घालवला आणि २००९ मध्ये वयाची शंभरी ओलांडून इथेच देह ठेवला. कुणी म्हणेल, कागदावर काय, काहीही लिहितात. बरोबर आहे. पण कागदावरचा नियम हेच टीकाकाराचं सगळ्यात चांगलं हत्यार असतं. कुठे एखाद्याने आमिष दाखवलं असेल तर ‘तुम्हाला हेच शिकवतात’ असं म्हणून तुम्ही त्याची सुटका करता; ‘तुम्हाला याच्या उलट शिकवलं होतं’ असं म्हटलंत तर तो त्याच्या बिशपसमोरही गुन्हेगार ठरतो. यातलं परिणामकारक कोणतं?

तिसरा मुद्दा सगळ्यात जड, आणि तो टाळून या विषयावर लिहूच नये. एवढी वर्षं शिकून, ध्यान करून, नीतिशास्त्रात पास होऊन काही धर्मगुरूंनी मुलांचं लैंगिक शोषण केलं आणि काही बिशपांनी ते दडपलं. अमेरिकेत जॉन जे कॉलेजने २००४ मध्ये केलेल्या अभ्यासात १९५० ते २००२ या काळात ४,३९२ धर्मगुरूंवर असे आरोप झाल्याचं निघालं, त्या काळातल्या धर्मगुरूंच्या सुमारे चार टक्के. मग शिक्षणाचा उपयोग काय झाला? हा प्रश्न विचारणाऱ्याला ‘इतरत्रही होतं’ असं सांगणं ही पीडितांची विटंबना आहे. उत्तर असं की शिक्षण एकांगी होतं. अ‍ॅक्विनस शिकवला, पण बावीस वर्षांच्या मुलाला त्याच्या शरीराबद्दल, एकटेपणाबद्दल, हातात येणाऱ्या सत्तेबद्दल कुणी बोलायला शिकवलं नाही. त्याच संस्थेच्या २०११ च्या दुसऱ्या अहवालात आढळलं की सेमिनरीत मानवी जडणघडणीचं शिक्षण मिळालेल्यांत शोषण करणारे कमी होते. १९९२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रशिक्षणाचे चार पैलू सांगितले: मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक, सेवाकार्याचा. त्यात मानवी पैलू पाया म्हणून पहिला ठेवला. २०१६ च्या नियमावलीने मुलांच्या संरक्षणाचे धडे सक्तीचे केले आणि प्रशिक्षणात स्त्रियांचा सहभाग हवा असंही म्हटलं. उशिरा, फार उशिरा. पण म्हणूनच पुण्यातल्या सेमिनरीला विचारायचा प्रश्न ‘धर्मांतर शिकवता का’ हा नाही. तुमच्याकडे पूर्णवेळ मानसशास्त्रज्ञ आहे का, विद्यार्थ्यांचं मूल्यमापन करणाऱ्यांत स्त्रिया किती आहेत, त्यांच्या मताला वजन आहे का, हे प्रश्न आहेत.

याच ठिकाणी एक बारकावा सांगायला हवा, कारण बाहेरच्यांना तो माहीत नसतो. कबुली ऐकायचा, गोव्याकडे ज्याला कुमसार म्हणतात त्याचा, सराव वर्गात होतो. प्राध्यापक समोर बसतो आणि म्हणतो: फादर, मी ज्या दुकानात काम करतो तिथल्या गल्ल्यातून तीन वर्षं थोडे थोडे पैसे काढत आलो; मालकाला सांगितलं तर नोकरी जाईल, घरी आई आजारी आहे. विद्यार्थ्याने घाईत ‘जा, मालकाचे पाय धरा’ म्हटलं तर चुकलं, कारण स्वतःची बेअब्रू करून घ्यायला त्या माणसाला भाग पाडता येत नाही. ‘देव क्षमा करील, जा’ म्हटलं तरी चुकलं, कारण चोरलेलं परत गेलंच पाहिजे. नाव न सांगता, हप्त्याहप्त्याने, पण गेलं पाहिजे. आणि ऐकलेलं कुणालाही, कधीही सांगायचं नाही. सांगितलं तर धर्मगुरू बहिष्कृत होतो. आता याच खुर्चीत मुलांवर अत्याचार करणारा माणूस येऊन बसला तर? आपला पॉक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा २०१२ चा कायदा, म्हणतो की ज्याला माहिती आहे त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलंच पाहिजे. कबुलीचं मौन म्हणतं, मरण आलं तरी नाही. हा खरा, टोकदार, सार्वजनिक प्रश्न आहे. माझं मत असं की मुलाच्या सुरक्षिततेपुढे कुठल्याही मौनाला राज्याने सूट देऊ नये. याच्या विरुद्ध असणाऱ्यांचं म्हणणं असं की मौन गेलं तर गुन्हेगार बोलायलाच येणार नाही आणि त्याला पोलिसांपर्यंत ढकलायची शेवटची संधीही जाईल. या म्हणण्यात तथ्य आहे. यावर वर्गात काय शिकवतात हे विचारायला कुणी नगर रस्त्यावर गेलं आहे का?

त्यागाचं आणि सेवेचं कवच पुढे करणाऱ्यांना म्हणूनच माझं सांगणं आहे की तुमचा बचाव कच्चा आहे. शाळा चांगली चालवणारा माणूस चांगला उपदेशक असतोच असं नाही, आणि दवाखान्यांतलं बरंचसं काम तर सिस्टर करतात. फादरची बाजू घ्यायची तर त्याच्या विद्येची घ्या.

माझी स्वतःची तक्रार वेगळी आहे, आणि ती मराठी माणसाची आहे. कॅनन लॉच्या कलम २४९ मध्ये म्हटलं आहे की उमेदवारांना आपली मातृभाषा नीट यावी. पण केरळ, तमिळनाडू, झारखंड, ईशान्य भारत, गोवा इथून आलेली मुलं एका वर्गात बसतात तेव्हा शिकवायची भाषा इंग्रजीच होते. व्यवहार समजतो. पण मग पुण्यात वर्षानुवर्षं राहून तुकाराम मुळातून न वाचता मुलं परत जातात, हे मला नुकसान वाटतं. त्यांचं आणि आपलंही. मूळचे इंग्लंडचे, १५७९ मध्ये गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स मराठी शिकले ते असे की १६१६ मध्ये रायतूरला छापलेलं त्यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण आजही मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मानाने बसतं. शनिवार पेठेत स्नेहसदन उभं करणारे फादर लेडरले यांनी महाराष्ट्रातल्या आधुनिक तत्त्वचिंतनावर अभ्यास केला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा विरोध करणाऱ्यांना ते ‘फादर’ एवढंच दिसलं. त्यांनी केलेल्या बायबलच्या मराठी अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आहे, हे दिसलं नाही. जुलै २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरूंच्या घडणीत कथा-कवितांच्या वाचनाला जागा हवी असं खास पत्र लिहिलं. पुण्यात त्याची अंमलबजावणी ज्ञानेश्वरीपासून, तुकारामाच्या गाथेपासून, दलित आत्मकथनांपासून व्हायला काय हरकत आहे? ज्या धर्मग्रामात दलित ख्रिस्ती आजही जातीचे चटके सोसतात तिथे जाणाऱ्या फादरला फुले-आंबेडकर मुळातून वाचलेले असायलाच हवेत.

हीच मागणी दुसऱ्या टोकाकडूनही व्हावी. विष्णुबुवा जोगांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, ती कीर्तनकाराने नुसता गळा नव्हे तर ग्रंथ घेऊन उभं राहावं म्हणून. ती दृष्टी मोठी होती. पण आज मोबाइलवर लाखो लोक ज्यांचं प्रवचन ऐकतात त्या बाबा-बुवांनी, मौलवींनी, पास्टरांनी काय शिकलेलं असतं, कुणाकडे परीक्षा दिलेली असते? आपल्या श्रद्धेवरचे बळकट आक्षेप त्यांना मांडता येतात का? हा प्रश्न फक्त फादरला विचारणं हा पक्षपात, आणि कुणालाच न विचारणं हा भित्रेपणा.

पुण्यात हे सगळं हाताच्या अंतरावर आहे: ज्ञानदीप, बिबवेवाडीची सेमिनरी, आळंदी, वेदपाठशाळा, मदरसे, आणि चिकित्सेची शिस्त शिकवायला भांडारकर. प्रत्येकाने आपला अभ्यासक्रम मराठीत छापून लोकांसमोर ठेवावा. एखाद्या महाविद्यालयाच्या सभागृहात प्रत्येक ठिकाणचा एक शिक्षक आणि शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी बसावा. शिक्षकाने नव्हे, विद्यार्थ्याने आधी स्वतःच्या धर्मावरचा सगळ्यात कठीण आक्षेप मांडावा आणि मग उत्तर द्यावं. पहिल्या बैठकीला विषय म्हणून पॉक्सो आणि कबुलीचं मौन घ्यावा, कारण त्यावर लेकरांची सुरक्षितता अवलंबून आहे.